यू मुंबाने संघ विकत घ्यायचा की घडवायचा?

१७ डिसेंबर २०२२. वरळीचं एनएससीआय डोम. प्रो कबड्डी लीगच्या नवव्या हंगामाची फायनल.

मैदान मुंबईचं, पण मॅटवर मुंबई नव्हती. एका बाजूला जयपूर पिंक पँथर्स, दुसऱ्या बाजूला पुणेरी पलटण. जयपूरने ३३-२९ अशी बाजी मारली.

त्या हंगामात जयपूरसाठी सगळ्यात जास्त चढाई गुण आणले होते अर्जुन देशवालने, २९६. लीगमधल्या कुठल्याही चढाईपटूपेक्षा जास्त. पुण्याचा कर्णधार होता इराणचा फझल अत्राचली, लीगच्या इतिहासातला सगळ्यात नावाजलेला बचावपटू.

या दोघांमध्ये एक गोष्ट सारखी होती. दोघेही आधी यू मुंबाकडे होते. देशवालने प्रो कबड्डीत पहिलं पाऊल टाकलं ते यू मुंबाच्या जर्सीत. फझल २०१५ मध्ये मुंबई चॅम्पियन झाली तेव्हा संघात होता आणि पुढे परत येऊन मुंबईचा कर्णधारही झाला. मुंबईत झालेल्या फायनलमध्ये मुंबईचेच दोन माजी खेळाडू दोन वेगवेगळ्या संघांकडून खेळले, आणि यू मुंबा त्या हंगामात नवव्या नंबरवर राहिली.

यू मुंबाच्या चाहत्यांमध्ये गेली काही वर्षं जो वाद सुरू आहे, त्याचं मूळ इथे आहे. बारावा हंगाम ३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीत संपला, दबंग दिल्लीने पुणेरी पलटणला ३१-२८ असं हरवून कप उचलला, आणि मुंबईच्या कपाटात अजून २०१५ ची एकच ट्रॉफी आहे. मग आता संघ पुन्हा उभा करायचा तर कसा?

मतं साधारण तीन आहेत. एक गट म्हणतो, पैसे टाका आणि मोठा स्टार आणा. दुसरा म्हणतो, सगळं मोडा आणि शून्यातून सुरू करा. तिसरा म्हणतो, जे हातात आहे ते आधी टिकवा. तिन्ही मतं एकेक करून तपासू. त्याआधी यू मुंबा इथपर्यंत आली कशी, ते बघू.

तीन हंगाम, तीन फायनल आणि मग उतरण

२०१४ मध्ये लीग सुरू झाली तेव्हा यू मुंबा हा सगळ्यात दमदार संघ होता. मालकी रॉनी स्क्रूवाला यांच्या युनिलेझरची, कर्णधार अनुप कुमार. पहिल्या हंगामात फायनल गाठली, जयपूरकडून ३५-२४ असा पराभव झाला. दुसऱ्या हंगामात, म्हणजे २०१५ मध्ये, बंगळुरू बुल्सला ३६-३० असं हरवून विजेतेपद घेतलं. २०१६ च्या सुरुवातीला झालेल्या तिसऱ्या हंगामात पुन्हा फायनल, पाटणा पायरेट्सकडून ३१-२८ असा निसटता पराभव.

सलग तीन फायनल. त्या संघाची ताकद फक्त अनुप कुमारच्या डोक्यात नव्हती, ती बचावातही होती. मोहित चिल्लर आणि सुरेंदर नाडा ही कोपऱ्यांची जोडी समोरच्या चढाईपटूला धडकी भरवायची.

चौथ्या हंगामाच्या लिलावात ही जोडी मुंबईच्या हातून गेली. चिल्लर ५३ लाखांना बंगळुरूकडे गेला, त्या लिलावातला सगळ्यात महागडा खेळाडू ठरला. नाडाही बंगळुरूलाच गेला. मुंबई पहिल्यांदाच बाद फेरीच्या बाहेर राहिली.

गंमत अशी की बंगळुरूलाही त्या हंगामात बाद फेरी गाठता आली नाही. जोडी आली, पण तिच्या भोवतीचा संघ आला नाही.

कबड्डीत हे असं का होतं, याचं उत्तर खेळातच आहे. मॅटवर सात जण असतात. चढाईपटू एकटा जातो, पण पकड एकट्याने होत नाही. डाव्या कोपऱ्याने पायाला हात घातला की त्याच क्षणी कव्हरने कमरेत धडक द्यायला हवी, नाहीतर समोरचा मध्यरेषेकडे झेप घेतो आणि दोन-तीन गुण घेऊन जातो. हात कधी घालायचा, कधी थांबायचं, शेजारी कुठे उभा असेल, हे बोलून ठरवायला वेळ नसतो. ते एकत्र खेळून अंगात मुरतं. म्हणून बचावपटूची किंमत त्याच्या एकट्याच्या नावावर लावता येत नाही, तो कुणाच्या शेजारी उभा राहणार आहे यावर ती ठरते.

नंतरच्या वर्षांत मुंबईने चांगले क्षणही पाहिले. सहाव्या हंगामात कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडच्या सिद्धार्थ देसाईला ३६.४ लाखांना घेतलं आणि त्याने पदार्पणातच दोनशेच्या वर चढाई गुण आणले. सातव्या हंगामात संघ सेमीफायनलला गेला, बंगाल वॉरियर्सकडून अवघ्या दोन गुणांनी हरला.

आणि मग खाली घसरण. आठव्या हंगामात दहावा नंबर, नवव्यात नववा, दहाव्यात पुन्हा दहावा. बारा संघांच्या लीगमध्ये सलग तीन वर्षं तळाशी.

आधी पैशाचं गणित समजून घेऊ

वाद घालण्याआधी नियम माहीत हवेत. प्रो कबड्डीत संघमालक श्रीमंत असला म्हणून हवा तेवढा पैसा ओतू शकत नाही. प्रत्येक संघाची थैली सारखी. अलीकडच्या हंगामांत ती ५ कोटींची आहे. त्यात १८ ते २५ खेळाडू बसवायचे.

लिलावाआधी संघ काही खेळाडू आपल्याकडे राखू शकतो, म्हणजे रिटेन करू शकतो. त्यांचा पैसा याच थैलीतून वजा होतो. उरलेल्या पैशात लिलाव. लिलावात खेळाडूंचे अ, ब, क, ड असे गट असतात. अ गटाची मूळ किंमत ३० लाख, ड गटाची ९ लाख.

याशिवाय एफबीएम नावाचं एक कार्ड असतं. तुमचा जुना खेळाडू लिलावात गेला आणि दुसऱ्या संघाने त्याच्यावर शेवटची बोली लावली, तर तीच रक्कम देऊन तुम्ही त्याला परत घेऊ शकता.

थोडक्यात, हे घरखर्चाच्या बजेटसारखं आहे. पगार ठरलेला. एका वस्तूवर अर्धा पगार उडवला तर महिन्याचं वाणसामान उरलेल्या अर्ध्यात भरावं लागतं.

पहिलं मत: मोठा स्टार आणा

या मताची बाजू कच्ची नाही. कबड्डी हा चढाईपटूंचा खेळ आहे असं लोक मानतात आणि टीव्हीवर तरी तसं दिसतं. एकटा चढाईपटू सामना फिरवू शकतो. पोस्टरवर त्याचा चेहरा लागतो, त्याच्या रील्स फिरतात. मुंबईसारख्या शहरात, जिथे आयपीएलचा संघ सगळं लक्ष खेचून घेतो, तिथे एका चेहऱ्याची गरज आहेच.

पण लिलावाचा इतिहास काय सांगतो?

सातवा हंगाम: सगळ्यात महागडा सिद्धार्थ देसाई, १.४५ कोटी, तेलुगू टायटन्स. तोच, जो मुंबईने शोधला होता. त्याने तिथेही दोनशेच्या वर चढाई गुण आणले. टायटन्स अकरावे.

नववा हंगाम: पवन सेहरावत, २.२६५ कोटी, तमिळ थलायवाज. तेव्हा थैली ४.४ कोटींची होती, म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा एका माणसावर. पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि हंगाम संपला. पण थलायवाज पवनशिवाय सेमीफायनलला पोहोचले. त्यांना तिथे नेणारा चढाईपटू होता नरेंदर, ज्याचं नाव त्याआधी फारसं कुणी ऐकलं नव्हतं.

दहावा हंगाम: पुन्हा पवन, या वेळी २.६०५ कोटी, तेलुगू टायटन्स. ५ कोटींतले अर्ध्याहून जास्त. पवन खेळला, दोनशेच्या आसपास चढाई गुणही आणले. टायटन्सने २२ पैकी २ सामने जिंकले. शेवटचा नंबर.

बारावा हंगाम: लिलावात दोन कोटींच्या वर दोघे गेले. मोहम्मदरझा शाद्लुई २.२३ कोटींना गुजरात जायंट्सकडे आणि देवांक दलाल २.२०५ कोटींना बंगाल वॉरियर्सकडे. या हंगामात पहिल्या आठ संघांना पुढची दारं उघडी होती. गुजरात आणि बंगाल दोघेही त्या आठात नव्हते.

मग स्टार घ्यायचेच नाहीत का? तसंही नाही. याच शाद्लुईची आधीची दोन वर्षं बघा.

दहाव्या हंगामात पुणेरी पलटणने त्याला २.३५ कोटींना घेतलं. पुणे चॅम्पियन. अकराव्या हंगामात हरयाणा स्टीलर्सने त्याला २.०७ कोटींना घेतलं. हरयाणा चॅम्पियन. तोच माणूस, तेवढाच पैसा. मग गुजरातमध्ये काय बिघडलं?

उत्तर असं, की पुणे आणि हरयाणाने त्याला तयार घरात आणलं होतं. पुणे त्याच्या आधीच्या हंगामात फायनल खेळलं होतं. हरयाणाही त्याच्या आधीच्या हंगामात फायनल खेळलं होतं, पुण्याविरुद्ध, आणि २८-२५ असं तीन गुणांनी हरलं होतं. तिथे जयदीप दहिया आणि राहुल सेठपालसारखा बचाव आधीच उभा होता. शाद्लुईने उरलेलं अंतर भरून काढलं.

देवळाला कळस लागतोच. पण तो पाया आणि भिंतींनंतर चढवतात.

पुण्याने नेमकं काय केलं?

मुंबईकरांना हा भाग वाचायला थोडा त्रास होईल. पण शेजाऱ्याकडून शिकायला लाज कसली!

पुणेरी पलटण पहिल्या दोन्ही हंगामांत शेवटच्या नंबरवर होती. सातव्या हंगामातही दहावी. ज्या अनुप कुमारने मुंबईला कप जिंकून दिला, तो तेव्हा पुण्याचा प्रशिक्षक होता.

आठव्या हंगामात पुण्याने अनुभवी नावं घेतली, पण हंगाम गाजवला दोन पोरांनी. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि हरयाणाचा मोहित गोयत. दोघेही नवखे. पुण्याने पुढच्या हंगामात त्यांना सोडलं नाही. नाशिकचा आकाश शिंदे, पंकज मोहिते, संकेत सावंत, गौरव खत्री, अबिनेश नादराजन, अशी फळी त्यांच्याभोवती जमली. नवव्या हंगामात या पोरांच्या डोक्यावर फझलसारखा अनुभवी कर्णधार बसवला आणि फायनल गाठली.

त्यानंतर पुण्याने फझलला जाऊ दिलं आणि कर्णधारपद अस्लमला दिलं. शाद्लुईला घेतलं. दहाव्या हंगामात साखळी फेरीत २२ पैकी फक्त २ सामने हरले आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये कप उचलला.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. अकराव्या हंगामात शाद्लुई गेला, अस्लम जखमी झाला आणि पुणे आठव्या नंबरवर घसरलं. त्या वेळी घाबरून सगळा संघ बदलता आला असता. पुण्याने मूळ पोरं टिकवली. बाराव्या हंगामात पुणे परत फायनलमध्ये होतं.

तीन वर्षांत स्टार आले आणि गेले, खालची फळी मात्र तिथेच राहिली.

दुसरं मत: सगळं मोडा, शून्यातून सुरू करा

हे मत बहुतेक अमेरिकन बास्केटबॉल बघणाऱ्यांकडून येतं. एनबीएमध्ये संघ मुद्दाम जुने खेळाडू विकून दोन-तीन वर्षं हरायला तयार होतात. कारण तिथे ड्राफ्ट आहे. कॉलेजमधून येणारे नवे खेळाडू संघांना क्रमाने निवडता येतात आणि तळाच्या संघांना पहिली निवड मिळण्याची शक्यता जास्त. फिलाडेल्फियाच्या संघाने हा प्रयोग इतका ताणला, की २०१५-१६ मध्ये ८२ पैकी फक्त १० सामने जिंकले. त्यातून जोएल एम्बीडसारखा खेळाडू मिळाला, पण त्यानंतरही विजेतेपद आलं नाही.

प्रो कबड्डीत हरण्याचं असं बक्षीस नाही. लिलावात पहिल्या आणि शेवटच्या संघाची थैली सारखीच. दहावा नंबर आला म्हणून कुणी तुम्हाला पुढचा देशवाल हातात आणून देत नाही. आणि यू मुंबाने सलग तीन वर्षं तळाशी राहून बघितलंच आहे. त्यातून काही आपोआप उगवलं नाही.

शिवाय मोडायचं म्हणजे नक्की काय मोडायचं? बघा ना, गेल्या दोन हंगामांत संघ तळातून वर आला आहे. अकराव्या हंगामात साखळी फेरीत पाचवा नंबर आणि सातव्या हंगामानंतर पहिल्यांदा बाद फेरी. तिथे पाटण्याकडून ३१-२३ असा पराभव झाला, पण दार उघडलं. बाराव्या हंगामातही पहिल्या आठात जागा होती.

हे कसं झालं? अकराव्या हंगामाआधी मुंबईने सुनील कुमारला १.०१५ कोटींना घेतलं. त्याच्याच नेतृत्वाखाली जयपूरने वरळीची ती फायनल जिंकली होती. त्याच्यासोबत परवेश भैंसवालला घेतलं. ही निवड हुशारीची होती. सुनील आणि परवेश ही गुजरातची जुनी कव्हर जोडी. पाचव्या आणि सहाव्या, अशा सलग दोन हंगामांत गुजरात फायनलला गेलं ते या जोडीच्या जिवावर. मुंबईने दोन बचावपटूंसोबत त्यांची वर्षांची ओळखही विकत घेतली.

पुढे चढाईला आणला अजित चौहान. पदार्पणाच्या हंगामातच त्याने शंभराच्या कितीतरी वर चढाई गुण आणले. सोबत दहाव्या हंगामापासून असलेला इराणचा आमिरमोहम्मद झफरदानेश. यातलं एकही नाव दोन कोटींचं नाही. पण बऱ्याच वर्षांनी यू मुंबाकडे पाया म्हणता येईल असं काहीतरी दिसलं.

तिसरं मत: टिकवा. पण म्हणजे काय?

यू मुंबाला खेळाडू शोधता येत नाहीत, असं म्हणणं अन्याय होईल. देशवाल त्यांनी शोधला. सिद्धार्थ देसाई त्यांनी शोधला. सांताक्रूझचा रिशांक देवाडिगा पहिल्या हंगामापासून त्यांच्याकडे होता. तो पुढे यूपी योद्धाकडे गेला आणि २०१८ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली महाराष्ट्राने ११ वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं.

दुखणं शोधण्यात नाही, सांभाळण्यात आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. प्रत्येकाला सांभाळणं शक्य नसतं आणि ते शहाणपणाचंही नसतं. सिद्धार्थसाठी १.४५ कोटी मोजले असते तर बाकी संघ पोकळ झाला असता. टायटन्सचं तेच झालं. दिल्लीने बाराव्या हंगामाआधी नवीन कुमारसारख्या सुपरस्टारला सोडलं, आशू मलिकला ठेवलं आणि कप जिंकला. आणि त्या दिल्लीच्या बचावात कोण होतं? पुन्हा फझल अत्राचली.

म्हणजे कुणाला सोडलं, हा एकटा प्रश्न अपुरा आहे. कुणाला ठेवण्यासाठी सोडलं, हे विचारायला हवं. दिल्लीकडे त्याचं उत्तर होतं, पुण्याकडे होतं. मुंबईकडे आठव्या ते दहाव्या हंगामात ते दिसलं नाही.

त्याचं एक कारण खेळाडूंच्या यादीत नाही, प्रशिक्षकांच्या यादीत आहे. सातव्या हंगामात संजीव बालियान, आठव्यात राजगुरू सुब्रमण्यम, नवव्यात अनिल छपराना, दहाव्या आणि अकराव्यात इराणचे घोलामरझा मझानदरानी, बाराव्यात राकेश कुमार. सहा हंगामांत पाच प्रशिक्षक. पुण्यात त्याच काळात बी. सी. रमेश सलग तीन हंगाम राहिले, त्यातल्या दोन हंगामांत फायनल आणि एक कप.

नवा प्रशिक्षक आला की त्याची पद्धत येते, त्याला हवे ते खेळाडू येतात, आधीच्याने दोन वर्षं वाढवलेला पोरगा लिलावात जातो. मझानदरानी दोन हंगाम सलग राहिले आणि दुसऱ्या हंगामात संघ दहाव्यावरून पाचव्यावर आला. हा योगायोग आहे असं कुणी म्हणू शकेल. पण पुण्याचा अनुभवही त्याच दिशेला बोट दाखवतो.

मुंबईच्या पोरांचं काय?

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. यू मुंबात मुंबईचे किती?

मुंबई ही कबड्डीची जुनी नगरी. लालबाग-परळच्या गिरणगावात हा खेळ वाढला. मंडळाचा संघ, रात्रीचे सामने, मैदानाभोवती लोकांची दाटी, हे चित्र गिरण्या बंद झाल्यावर उपनगरांत सरकलं. गिरणगावातली कुटुंबं जिथे गेली तिथे खेळ सोबत गेला. मालाड, कांदिवली, जोगेश्वरीपासून भांडुप, मुलुंडपर्यंत मंडळांची नावं बदलतात, पण थंडीच्या दिवसांत आखलेली मैदानं तशीच दिसतात. राज्य स्पर्धांमध्ये मुंबई शहर आणि मुंबई उपनगर वेगवेगळे उतरत आले, एवढी इथे खेळाडूंची संख्या.

या पोरांसमोर आधी एक ठरलेला रस्ता होता. मंडळाकडून चांगलं खेळायचं, जिल्ह्याच्या संघात यायचं आणि मग रेल्वे, भारत पेट्रोलियम, महिंद्रा, एखादी बँक, अशा ठिकाणी खेळाडू म्हणून नोकरी मिळवायची. प्रो कबड्डी आल्यावर त्या रस्त्याला दुसरा फाटा फुटला. ड गटातल्या खेळाडूची मूळ किंमतच ९ लाख. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या घरासाठी ही रक्कम किती मोठी आहे हे सांगायला नको.

पण तो फाटा आपल्याच शहराच्या संघाकडे जातो का? टीकाकार म्हणतात, नाही. यू मुंबा नाव मुंबईचं लावते आणि खेळाडू हरयाणातून आणते.

याची दुसरी बाजूही ऐका. आज देशातले सगळ्यात जास्त व्यावसायिक खेळाडू हरयाणातून येतात, हे खरंच आहे. तिथे गावागावांत पोरं लहानपणापासून ताकदीवर मेहनत घेतात. पुण्याच्या विजेत्या संघातही हरयाणाचे खेळाडू होतेच. पत्ता बघून संघ निवडला तर कप मिळणार नाही. मुंबईकर म्हणून कुणाला जागा द्या, अशी मागणी त्या पोराचाही अपमान करते.

पण इथे भावनेपेक्षा हिशोबाचा मुद्दा मोठा आहे. जेव्हा प्रत्येकाची थैली सारखी असते, तेव्हा पुढे जाण्याचा एकच मार्ग उरतो: इतरांच्या नजरेत येण्याआधी खेळाडू हेरायचा, स्वस्तात घ्यायचा आणि वाढवायचा. लिलावात सगळ्यांना दिसणारा खेळाडू सगळ्यांनाच महाग पडतो. आपल्या दारात रोज संध्याकाळी खेळणारा पोरगा मात्र फक्त तुम्हाला दिसू शकतो, तुम्ही बघायला गेलात तर.

पुण्याने 'युवा पलटण' नावाने पोरांचा दुसरा संघ चालवला. यू मुंबानेही 'युवा मुंबा' नावाने युवा कबड्डी सीरिजमध्ये संघ उतरवला. म्हणजे कल्पना मुंबईकडेही आहे. फरक पडेल तो, त्या संघातून मुख्य संघात दरवर्षी किती पोरं येतात आणि आल्यावर किती वर्षं राहतात, यावर. रात्रीच्या सामन्यात गाजणारा उपनगरातला पोरगा मॅटवर लगेच चालत नाही. त्याला वजन, आहार, मॅटवरचा सराव आणि दुखापतीतून बाहेर यायला वेळ लागतो. एका हंगामात चार सामने खेळवून त्याला सोडून दिलं तर शोधण्याची मेहनतही वाया जाते आणि पोराचं वर्षही.

याला अजून एक कारण आहे. अकराव्या हंगामाचे सामने हैदराबाद, नोएडा आणि पुण्यात झाले. बाराव्याचे विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत. मुंबईत प्रो कबड्डीचे सामने शेवटचे झाले ते जानेवारी २०२४ मध्ये, दहाव्या हंगामात. तेव्हा मालाडहून स्लो लोकलने महालक्ष्मीला उतरून आपल्या संघाचा सामना बघता यायचा. आता तो फक्त मोबाइलवर दिसतो. हा निर्णय लीगचा, संघाचा नाही. पण परिणाम संघालाच भोगावा लागतो. ज्या संघाचे सामने शहरात होत नाहीत आणि ज्यात शहरातला कुणी ओळखीचा नाही, त्या संघाशी शहराचं नातं फक्त नावापुरतं उरतं.

मग करायचं काय?

वरच्या सगळ्या आकड्यांतून चार गोष्टी निघतात.

एक, थैलीचा अर्धा भाग एका माणसावर नको. निदान संघ फायनलच्या उंबरठ्यावर येईपर्यंत तरी नको. पुणे आणि हरयाणाने मोठा डाव त्या उंबरठ्यावर खेळला.

दोन, बचावपटू जोडीने घ्या आणि जोडीने ठेवा. चिल्लर-नाडा गेले तेव्हा काय झालं आणि सुनील-परवेश आले तेव्हा काय झालं, ही दोन्ही उदाहरणं यू मुंबाच्याच इतिहासात आहेत.

तीन, अजित चौहानसारख्या तरुण चढाईपटूला एक वाईट हंगामही माफ असावा. देशवाल मुंबईत दोन हंगाम होता, बहरला जयपूरमध्ये. आपण लावलेल्या झाडाची फळं दुसऱ्याने खाल्ली.

चार, प्रशिक्षकाला तीन वर्षं द्या. दरवर्षी नवा माळी आला तर बाग उभी राहत नाही.

यात धोकाही आहे. टिकवण्याच्या नादात थकलेले खेळाडू उराशी धरून बसायचं, हेही संघांना बुडवतं. आठव्या हंगामात फझल कर्णधार असूनही मुंबई दहावी होती, त्यामुळे फक्त जुनं ठेवलं की भागतं असं नाही. आणि तीन वर्षं धीर धरायला सांगणं सोपं आहे. २०१५ पासून वाट बघणाऱ्या चाहत्याला ते परत ऐकायला कसं वाटेल, हेही समजू शकतं.

पण आतापर्यंतची वाट आणि ही वाट यात फरक आहे. तळाच्या तीन वर्षांत वाट बघताना हातात काही जमत नव्हतं. आता जमायला लागलं आहे.

म्हणून पुढच्या लिलावाच्या दिवशी सगळ्यात महागडा खेळाडू कुणी घेतला, ही बातमी सगळीकडे फिरेल, तेव्हा यू मुंबाच्या चाहत्यांनी त्याच्या काही दिवस आधी आलेली यादी काढून बघावी. रिटेन केलेल्या खेळाडूंची. त्यात विशीतले किती आहेत, बचावातली जोडी एकत्र आहे का, गेल्या वर्षी पहिल्यांदा खेळलेला पोरगा अजून आहे का, आणि खाली प्रशिक्षकाचं नाव तेच आहे का. मुंबई कप कधी जिंकणार याचा अंदाज कोटींच्या बोलीपेक्षा त्या यादीतून लवकर येईल.